स्थिर संकेतस्थळ-निर्मितीत थीमच्या साच्यांचे अनुकूलन : ह्यूगो प्रणालीच्या विशेष संदर्भात

बीजशब्द : स्थिर संकेतस्थळ, थीम, साचा, ओव्हरराइड, ह्यूगो, जेकिल, मराठी संकेतस्थळे

प्रास्ताविक

महाविद्यालयातील एखाद्या विभागाचे अथवा नियतकालिकाचे संकेतस्थळ उभारावयाचे झाल्यास बहुधा वर्डप्रेससारख्या प्रणालीचा विचार प्रथम होतो. अशा प्रणालीत मजकूर माहितीसंचात साठविलेला असतो आणि वाचकाने पान मागितले की सर्व्हरवरील आज्ञावली त्या क्षणी ते पान जुळवून पाठविते. स्टॅटिक साइट जनरेटर, म्हणजेच स्थिर संकेतस्थळ निर्माण करणारी प्रणाली, याच्या नेमके उलट वागते. लेखकाने साध्या मजकूर-फाइलींत लिहिलेले लेख ती वाचते, त्यांना साच्यांत बसविते आणि संपूर्ण संकेतस्थळाची सर्व पाने एकदाच तयार करून ठेवते. सर्व्हरला मग तयार पान उचलून देण्यापलीकडे काही काम उरत नाही. माहितीसंच नसल्याने त्याची देखभाल नाही आणि खर्चही नाममात्र. तुटपुंज्या साधनांवर चालणाऱ्या विभागांना ही पद्धत सोयीची वाटावी यात नवल नाही.

या प्रकारच्या प्रणाली आता पुष्कळ आहेत. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी रूबी भाषेत लिहिलेली जेकिल २००८ मध्ये आली. त्याच वर्षी गेऑर्ग ब्रांडल यांची स्फिंक्स ही प्रणाली पायथन भाषेच्या दस्तऐवजीकरणाच्या निमित्ताने पुढे आली. स्टीव्ह फ्रान्सिया यांनी गो भाषेत रचलेली ह्यूगो २०१३ मधील. या सर्वांत मजकूर आणि त्याचे दृश्य रूप वेगवेगळे ठेवलेले असते. दृश्य रूपाचा जो तयार संच मिळतो त्यास थीम म्हणतात.

थीम दुसऱ्या कोणी तरी, बहुधा इंग्रजी संकेतस्थळ डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. ती आपल्या गरजेस तंतोतंत जुळेल असे क्वचितच घडते आणि मराठी संकेतस्थळाच्या बाबतीत तर जवळजवळ कधीच घडत नाही. बदल करणे अटळ असते. हा बदल कोठे आणि किती करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. विवेचनासाठी ह्यूगो ही प्रणाली मुख्यतः घेतली असून जेकिल व स्फिंक्स यांचा उल्लेख तुलनेपुरता येईल. फाइलींची व फोल्डरांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच लिहावी लागतात, हे सांगणे न लगे.

थीम, साचा आणि नावाचे साम्य

साचा म्हणजे एचटीएमएलमध्ये लिहिलेली अशी फाइल, जिच्यात शीर्षक, दिनांक, मजकूर इत्यादींसाठी जागा मोकळ्या सोडलेल्या असतात. एका थीममध्ये असे अनेक साचे असतात. संपूर्ण पानाचा सांगाडा ज्यात असतो तो आधारसाचा. ह्यूगोत याचे नाव ‘बेसऑफ’ असे आहे. एकट्या लेखाच्या पानासाठी ‘सिंगल’, लेखांच्या यादीसाठी ‘लिस्ट’, आणि पानाचा मथळा, तळटीप, दिनांकाची ओळ अशा छोट्या तुकड्यांसाठी ‘पार्शल’, ज्यांना आपण अंशसाचे म्हणू. हे सारे ‘लेआउट्स’ या फोल्डरात ठेवलेले असतात.

ह्यूगोच्या प्रकल्पात ‘लेआउट्स’ नावाचे फोल्डर दोन ठिकाणी असू शकते : एक थीमच्या आत आणि एक आपल्या स्वतःच्या संकेतस्थळाच्या मुळाशी. ही दोन्ही फोल्डरे ह्यूगो एकावर एक ठेवलेल्या दोन पारदर्शक कागदांप्रमाणे पाहते. वरचा कागद आपला, खालचा थीमचा. एकाच पत्त्यावर दोन्हीकडे फाइल असेल तर वरची दिसते आणि खालची झाकली जाते. वरच्या कागदावर ती जागा रिकामी असेल तर खालची आपोआप दिसते. थीमच्या साच्याला ओव्हरराइड करणे म्हणजे इतकेच. थीममधील फाइलीला हात न लावता त्याच नावाची फाइल त्याच उपफोल्डरात आपल्या बाजूस ठेवली की काम झाले. एकाहून अधिक थीम एकत्र वापरण्याची सोयही ह्यूगोत आहे आणि तेथे यादीत आधी लिहिलेल्या थीमला अग्रक्रम मिळतो. वर्डप्रेसमधील ‘चाइल्ड थीम’शी ज्यांचा परिचय आहे त्यांस ही कल्पना नवी वाटणार नाही.

जेकिलमध्येही तत्त्व हेच. २०१६ मधील ३.२ या आवृत्तीपासून तेथील थीम रूबीच्या ‘जेम’ या स्वरूपात वेगळी बसविता येते. अशी थीम प्रकल्पाच्या फोल्डरात दिसतही नाही. ती संगणकाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात असते. तिचा साचा बदलावयाचा तर आधी तो शोधून काढावा लागतो आणि त्याची प्रत आपल्याकडे आणावी लागते. नवशिक्यांचा येथे गोंधळ होतो, कारण जी फाइल दिसत नाही तीच पान घडवीत असते.

या व्यवस्थेचा कणा एकच आहे : नावाचे साम्य. आपली फाइल आणि थीमची फाइल यांच्यात दुसरा कोणताही करार नसतो. नावात एका अक्षराची चूक झाली तर प्रणाली तक्रार करीत नाही. ती आपली फाइल निमूटपणे बाजूस ठेवून थीमची फाइल वापरते. उद्या थीमकर्त्याने आपल्या फाइलीचे नाव बदलले तरी हेच घडते. आपला साचा जागेवरच असतो, पण त्याला कोणी विचारीत नाही. या व्यवस्थेतील बहुतेक अडचणी अशा मुक्या आहेत.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. ह्यूगो साचा निवडताना आधी ‘अधिक विशिष्ट कोणता’ हे पाहते. समजा, थीममध्ये ‘पोस्ट्स’ या विभागासाठी वेगळा ‘सिंगल’ साचा आहे आणि आपण सर्वसाधारण ‘सिंगल’ साचा लिहिला. ‘पोस्ट्स’मधील लेखांना आपला साचा लागू होणार नाही, कारण थीममधील साचा अधिक विशिष्ट आहे. आपल्या बाजूची फाइल वरचढ ठरते ती समान पत्त्यावर. पत्ता वेगळा असेल तर विशिष्टतेचा नियम आधी लागतो. ‘मी साचा बदलला, पण पान बदलले नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे सापडते.

मराठी संकेतस्थळाच्या गरजा

आता एक उदाहरण घेऊ. मराठी विभागाचे एक संकेतस्थळ ह्यूगोवर उभारावयाचे आहे आणि त्यासाठी इंग्रजी वळणाची एक थीम निवडली आहे. कोणकोणते बदल लागतील?

पहिली बाब पानाच्या भाषेच्या निर्देशाची. एचटीएमएलच्या आरंभीच्या खुणेत ‘लँग’ हा गुणधर्म असतो आणि पान कोणत्या भाषेत आहे हे तो सांगतो. डोळ्यांनी वाचणाऱ्यास तो दिसत नाही, म्हणूनच त्याची उपेक्षा होते. परंतु दृष्टिहीन वाचक ज्या पठण-आज्ञावलीच्या साहाय्याने पान ऐकतो ती आपला आवाज याच निर्देशावरून निवडू शकते. एनव्हीडीए ही विनामूल्य पठण-आज्ञावली आणि तिच्यासोबत येणारा ईस्पीक एनजी हा वाचक मराठी बोलू शकतात. पानावर मात्र ‘इंग्रजी’ अशी पाटी लावलेली असेल तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या स्वाधीन होतो आणि तो गाळला जातो किंवा त्याचा विपर्यास होतो. विद्यार्थ्याने परीक्षेचे वेळापत्रक ऐकण्यासाठी पान उघडावे आणि त्याच्या कानी निरर्थक ध्वनी पडावेत, ही गोष्ट किरकोळ म्हणता येणार नाही. वेब आशय-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २००८ मधील दुसऱ्या आवृत्तीत पानाच्या भाषेचा निर्देश ही ‘ए’ स्तरावरील, म्हणजे अगदी किमान, अपेक्षा म्हणून नोंदविली आहे.

हाच निर्देश अक्षरांच्या रूपालाही स्पर्श करतो. ल आणि श या वर्णांची मराठी वळणे हिंदी वळणांहून भिन्न आहेत. ‘पाकळीयुक्त ल’ आणि ‘देठयुक्त श’ ही शब्दावली अध्यापकांस परिचित आहेच. काही देवनागरी फॉण्टांत दोन्ही रूपे अंतर्भूत असतात आणि पानाची भाषा मराठी असल्याचे कळले तरच ब्राउझर मराठी रूप मागवितो. भाषेचा निर्देश चुकला की मराठी पान हिंदी वळणात उमटते. पाहणाऱ्यास काहीसे खटकते, परंतु कारण सापडत नाही.

भाषेचा निर्देश आधारसाच्यात असतो. म्हणून आधारसाच्याची नक्कल करून तेथे मराठीचा संकेत लिहावा, असा मोह होतो. तो टाळावा. नीट लिहिलेल्या थीममध्ये हा संकेत संकेतस्थळाच्या संरचना-फाइलीतून घेतला जातो आणि तेथे काही न सापडल्यासच इंग्रजी गृहीत धरले जाते. जेकिलच्या मिनिमा या थीमच्या २.५ आवृत्तीत ही योजना स्पष्ट दिसते : आधी पानाची भाषा, ती नसल्यास संकेतस्थळाची, तीही नसल्यास इंग्रजी. तेव्हा संरचना-फाइलीत एक ओळ लिहिली की काम भागते. साच्याला हात लावण्यापूर्वी तो साचा वाचून पाहणे एवढ्यासाठीच आवश्यक असते. ओव्हरराइड न करण्याचा निर्णयही वाचनाअंतीच घेता येतो.

दुसरी बाब ‘पुढे वाचा’, ‘मागील लेख’, ‘शोधा’ अशा सूचनाशब्दांची. चांगल्या थीमकर्त्याने हे शब्द साच्यात न लिहिता ‘आयएटीनएन’ नावाच्या फोल्डरातील भाषावार फाइलींत ठेवलेले असतात. येथे ह्यूगोचा नियम साच्यांहून वेगळा आणि अधिक उदार आहे. साच्यांच्या बाबतीत फाइल संपूर्ण झाकली जाते. भाषाफाइलींच्या बाबतीत मात्र आपली व थीमची फाइल शब्दागणिक एकत्र केली जाते. थीममध्ये मराठीची फाइल असेल आणि तिच्यातील चाळीस शब्दांपैकी तीनच आपणास रुचत नसतील, तर आपल्या फाइलीत ते तीनच लिहावेत. उरलेले सदतीस थीममधूनच येत राहतात. मराठीची फाइल थीममध्ये मुळीच नसेल तर ती आपण संपूर्ण लिहावी लागते आणि एखादा शब्द राहून गेला तर त्या जागी प्रमुख भाषेतील शब्द येतो. मराठी हीच प्रमुख भाषा असेल तर तेथे काहीच येत नाही. बटण असते, पण त्यावर अक्षर नसते. असे सुटलेले शब्द इशारा म्हणून दाखविण्याचा पर्याय ह्यूगोच्या आज्ञेत आहे आणि तो प्रत्येक वेळी वापरावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तिसरी बाब दिनांकाची, आणि येथे साचा बदलल्यावाचून गत्यंतर नसते. ह्यूगोत दिनांक छापण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत दिनांकालाच ‘स्वतःस अमुक रूपात मांड’ असे सांगितले जाते. ही गो भाषेची मूळ सोय असल्याने महिन्यांची नावे इंग्रजीतच येतात. दुसऱ्या रीतीत ‘टाइम फॉरमॅट’ या ह्यूगोच्या स्वतःच्या फलनाचे साहाय्य घेतले जाते. २०२१ मधील ०.८७ या आवृत्तीपासून हे फलन पानाची भाषा पाहून महिन्यांची व वारांची नावे त्या भाषेत देते. दोन्ही रीती इंग्रजी संकेतस्थळावर अगदी सारख्या दिसतात. त्यामुळे थीमकर्त्याने पहिली वापरली असली तरी त्याला त्यात उणे काही जाणवत नाही. मराठी लेखाच्या शिरोभागी ‘ऑगस्ट’ रोमन अक्षरांत उमटला म्हणजे ते आपल्याला जाणवते. (जाता जाता : गो भाषेत दिनांकाचे रूप दर्शविण्यासाठी सांकेतिक अक्षरे नसून २ जानेवारी २००६ हा एक ठरावीक दिनांक नमुना म्हणून लिहावा लागतो. साच्यात हा दिनांक दिसला की कोणी तरी चुकून तसाच ठेवला आहे असे समजून तो पुसणारे लोक असतात. तो पुसू नये.)

दिनांकाची ओळ बहुधा एका अंशसाच्यात असते. तो अंशसाचा चारसहा ओळींचा असेल तर त्याचीच प्रत आपल्या बाजूस घ्यावी आणि पहिल्या रीतीच्या जागी दुसरी लिहावी. पण काही थीममध्ये दिनांक थेट ‘सिंगल’ साच्यातच गुंफलेला असतो. तेव्हा एका शब्दासाठी ऐंशी ओळींची नक्कल करावी लागते. थीम निवडतानाच तिचे साचे किती बारीक तुकड्यांत विभागले आहेत हे पाहावे, ते यासाठी. थीमच्या नमुनापानाचे रंगरूप पाहून निवड करण्याची आपली सवय या दृष्टीने अपुरी पडते.

जेकिलमध्ये ही अडचण अधिक बिकट आहे. तेथील लिक्विड या साचाभाषेत महिन्यांची नावे इंग्रजीतच मिळतात. म्हणून ‘डेटा’ फोल्डरात बारा मराठी महिन्यांची यादी ठेवून महिन्याच्या क्रमांकावरून नाव काढून आणावे लागते. अवघड नाही, पण साचा बदलणे तेथे अटळच ठरते.

चौथी बाब अक्षरांच्या मांडणीची. इंग्रजी थीमच्या मथळ्यांत अक्षरांमधील अंतर वाढविण्याची लकब फार आढळते. रोमन लिपीत त्याने शोभा येते. देवनागरीत मात्र त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे झाल्यासारखे दिसते. ओळींमधील अंतरही रोमन लिपीच्या मापाने ठरविलेले असल्याने वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकींस भिडतात. हा दोष साच्याचा नसून शैलीपत्रकाचा आहे. तो दुरुस्त करण्यासाठी थीमचे शैलीपत्रक संपूर्ण नकलून घेणे म्हणजे घागरभर पाण्यासाठी विहीर उपसणे होय. कित्येक थीमकर्ते आधारसाच्याच्या शिरोभागी एक रिकामा अंशसाचा मुद्दाम ठेवतात. त्याचे नाव थीमच्या माहितीपत्रात दिलेले असते. त्याच नावाची फाइल आपल्या बाजूस निर्माण करून तिच्यातून आपले छोटे शैलीपत्रक जोडता येते. त्या शैलीपत्रकात ‘भाषा मराठी असलेल्या भागास’ असा निवडक वापरून अक्षरांतर सामान्य करावे आणि ओळींतील अंतर वाढवावे. हा निवडकही भाषेच्या निर्देशावरच विसंबतो. म्हणून पहिली बाब पुरी झाल्यावाचून चौथी साधत नाही.

नक्कल आणि वारसा

येथवर ज्यास ओव्हरराइड म्हटले ती वस्तुतः नक्कल आहे. थीमची फाइल उतरवून घ्यावयाची आणि तिच्यात फेरफार करावयाचा. जेकिलच्या बाबतीत हाच एक मार्ग उपलब्ध आहे, कारण तेथे साच्याच्या एका भागापुरता बदल करून उरलेला भाग मूळ साच्याकडून घेण्याची सोय नाही. फार तर एक साचा दुसऱ्याच्या पोटात बसविता येतो.

ह्यूगोत एक पायरी पुढे जाता येते. आधारसाच्यात काही खंड नावे देऊन मोकळे ठेवलेले असतात आणि प्रत्येक खंडात पर्यायी मजकूरही देता येतो. ‘सिंगल’सारखा साचा फक्त आपल्या खंडाची व्याख्या करतो आणि उरलेला सांगाडा आधारसाच्याकडून घेतो. आपण केवळ ‘सिंगल’ लिहिला तरी थीमचा मथळा, यादी, तळटीप हे सर्व तसेच मिळते. ही सोय समंजस आहे, पण तिच्या दोन अटी आहेत. खंडाचे नाव थीमच्या आधारसाच्यात आहे तेच असले पाहिजे. तेथे ‘मेन’ असेल आणि आपण ‘कंटेंट’ लिहिले तर पान तयार होते, चूकही दाखविली जात नाही, मात्र पानाचा मध्यभाग कोरा राहतो. दुसरी अट अशी की, खंडांच्या बाहेर काहीही लिहू नये. एचटीएमएलमधील साधी टीपदेखील तेथे घातली तर आधारसाच्याशी असलेला संबंध तुटू शकतो आणि पान मथळ्याविना उघडेबोडके दिसते. टीप लिहावयाचीच असेल तर ती साचाभाषेच्या टिपेच्या चिन्हांत लिहावी.

स्फिंक्सने या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे ते प्रस्तुत लेखकास सर्वांत नेटके वाटते. तेथे जिंजा ही साचाभाषा वापरली जाते. आपल्या ‘लेआउट’ साच्याच्या पहिल्या ओळीत ‘हा साचा थीमच्या लेआउटचा वारस आहे’ असे लिहिता येते. नाव एकच असल्याने साचा स्वतःचाच वारस ठरण्याचा घोळ होऊ नये, यासाठी नावाआधी उद्गारचिन्ह घालण्याची युक्ती योजली आहे. उद्गारचिन्ह असले की प्रणाली आपले फोल्डर वगळून थीममध्ये शोध घेते. मग जो खंड बदलावयाचा तोच लिहावा. त्या खंडातील मूळ मजकूर ठेवून त्याच्या आधी वा नंतर काही जोडावयाचे असेल तर तेही साधते. ह्यूगोमध्ये झाकलेल्या फाइलीला आपल्या फाइलीतून हाक मारता येत नाही. तिला झाकले म्हणजे ती त्या संकेतस्थळापुरती नाहीशी झाली.

हा भेद केवळ तांत्रिक सोयीचा नाही. नक्कल केलेली फाइल त्या दिवसापासून आपली होते, म्हणजे तिच्या दोषांची जबाबदारीही आपली होते. थीमकर्त्याने पुढे सुगम्यतेतील त्रुटी दूर केल्या अथवा शोधपेटीतील सुरक्षेचे छिद्र बुजविले, तरी त्या दुरुस्त्या आपल्या नकलेत येत नाहीत. वारसा घेतलेल्या साच्यात मात्र आपण न लिहिलेला प्रत्येक भाग ताजा राहतो. म्हणून ह्यूगोत काम करताना नक्कल जितकी लहान फाइलीची तितकी बरी : आधी संरचना-फाइल, मग भाषाफाइल, मग रिकामा अंशसाचा, मग छोटा अंशसाचा, त्यानंतर ‘सिंगल’ किंवा ‘लिस्ट’, आणि आधारसाचा अगदी निरुपाय झाल्यावर.

थीमची नवी आवृत्ती आल्यावर

थीमच्या फोल्डरात शिरून तेथील फाइलच बदलणे हा मार्ग सर्वांत सोपा दिसतो आणि तो पुष्कळजण अवलंबितात. त्याचा तोटा उशिरा कळतो. थीम गिटच्या सबमॉड्यूल या पद्धतीने जोडलेली असेल तर आपल्या प्रकल्पात थीमच्या फाइली साठविल्या जात नाहीत. थीमची अमुक एक अवस्था वापरावी, एवढी नोंदच साठविली जाते. आपण केलेला बदल आपल्या संगणकावर दिसतो, पण प्रकाशनासाठी संकेतस्थळ दुसऱ्या यंत्रावर बांधले जाते तेव्हा तेथे मूळ थीमच उतरते आणि बदल नाहीसा होतो. ह्यूगोत २०१९ पासून मॉड्यूल ही आणखी एक पद्धत आली आहे. तिच्यात थीम प्रकल्पाबाहेरच्या साठवणीत उतरविली जाते, त्यामुळे हा मोहच उरत नाही.

आपल्या बाजूस केलेला ओव्हरराइड असा नाहीसा होत नाही, तो शिळा होतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये ह्यूगोच्या ०.१४६ या आवृत्तीने साच्यांची मांडणी नव्याने केली. सर्वसाधारण साच्यांसाठी असलेले ‘डीफॉल्ट’ हे उपफोल्डर गेले, त्यातील साचे थेट ‘लेआउट्स’मध्ये आले आणि अंशसाच्यांच्या फोल्डराच्या नावाआधी अधोरेषा लागली. जुनी मांडणी चालू राहील अशी तजवीज ह्यूगोने ठेवली आहे. परंतु थीमकर्ते या निमित्ताने आपल्या फाइलींची नावे व विभागणी बदलतात तेव्हा त्यांच्या नावांवर विसंबलेले आपले साचे पोरके होतात. असे साचे हुडकण्यास ह्यूगोतील दोन पर्याय उपयोगी पडतात. कोणता साचा किती वेळा वापरला गेला याचा तक्ता एक देतो आणि मुळीच न वापरल्या गेलेल्या साच्यांची यादी दुसरा देतो. आपण लिहिलेला साचा या यादीत आढळला तर तो नाव चुकलेला असतो अथवा पोरका झालेला.

महाविद्यालयात संकेतस्थळाचे काम एका हातून दुसऱ्या हाती जात राहते. ज्या सहकाऱ्याने साचा बदलला तो बदलून गेलेला असतो आणि मागे उरते ती एक ऐंशी ओळींची फाइल. तिच्यातील कोणती ओळ थीमची आणि कोणती आपली हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून प्रत्येक नकललेल्या साच्याच्या माथ्यावर तीन गोष्टी नोंदवाव्यात : थीमच्या कोणत्या आवृत्तीतून नक्कल घेतली, कोणती ओळ बदलली, आणि का. ही नोंद साचाभाषेच्या टिपेत असल्याने वाचकाच्या पानावर उमटत नाही. गिटमध्ये प्रथम न बदललेली प्रत नोंदवून मग फेरफार वेगळा नोंदविला तर बदललेली ओळ कायमची डोळ्यांपुढे राहते.

एवढी नोंद असली की थीमची नवी आवृत्ती घेताना तीन फाइली समोर ठेवता येतात : नक्कल घेतली त्या वेळची थीमची फाइल, थीमची आजची फाइल आणि आपली. पहिल्या दोहोंत भेद नसेल तर काहीच करावयाचे नाही. भेद असेल तर थीमची आजची फाइल पुन्हा उतरवून घ्यावी आणि आपला फेरफार तिच्यावर नव्याने करावा. जुन्या नकलेत नव्या दुरुस्त्या हाताने घालीत बसण्यापेक्षा हे कमी कष्टाचे असते, कारण आपला फेरफार बहुधा एकदोन ओळींचाच असतो.

काही फेरफार तर आपल्यापुरते ठेवण्याचे कारणच नसते. दिनांकाच्या पहिल्या रीतीच्या जागी दुसरी लिहिणे ही केवळ मराठीची गरज नाही. इंग्रजीखेरीज कोणत्याही भाषेच्या संकेतस्थळास ती दुरुस्ती हवीच असते. अशी दुरुस्ती थीमकर्त्याकडे धाडता येते. बहुतेक थीम मुक्त परवान्याखाली उपलब्ध असतात आणि एका ओळीची, कारणासह मांडलेली सुधारणा स्वीकारणे थीमकर्त्यासही जड नसते. ती स्वीकारली गेली की थीमची नवी आवृत्ती घ्यावी, आपल्या बाजूचा अंशसाचा काढून टाकावा, संकेतस्थळ पुन्हा बांधावे आणि एखाद्या जुन्या लेखाचे पान उघडून महिन्याचे नाव मराठीत आले आहे ना, हे पाहावे.